वाचकांचे प्रश्न : समजूत आणि कैवार

प्रश्न : माझ्या यजमानांना जाऊन आठ महिने झाले. झटका आला आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत सगळे संपले होते. आम्ही दोघेही लहानपणापासून ख्रिस्ती मंडळीत वाढलेले. अंत्यविधीच्या दिवसापासून येणारे-जाणारे सांगत आहेत की ते आता प्रभूजवळ आहेत, त्यामुळे शोक करणे बरे नव्हे. एका बाईंनी तर तोंडावर सांगितले की ज्याचे अश्रू थांबत नाहीत, त्याचा पुनरुत्थानावरचा विश्वास कच्चा असतो. मी रोज पवित्र शास्त्र उघडते, पण अक्षरे डोळ्यांपुढून नुसती सरकत राहतात. प्रार्थनेला गुडघे टेकते आणि एक शब्द सुचत नाही. रविवारी उपासनेला गेले की त्यांच्या आवडीचे एखादे गीत लागते आणि मला बाहेर यावे लागते, म्हणून हल्ली जाणेच सोडले आहे. देव दुःखितांचे सांत्वन करतो असे आयुष्यभर ऐकत आले. ते सांत्वन म्हणजे नेमके काय, आणि ते मला का लाभत नाही?
— एक भगिनी, नगर जिल्हा

उत्तर : ताई, तुम्ही शेवटी विचारलेला प्रश्न मी आधी घेतो, कारण तो सुटल्याशिवाय बाकीच्यांना हात घालता येणार नाही. रोजच्या बोलण्यात आपण सांत्वन आणि समजूत हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. समजूत घालणाऱ्याला काय हवे असते, हे मात्र आपण फारसे पाहत नाही. त्याला समोरच्याचे रडणे थांबायला हवे असते, आणि पुष्कळदा ते त्याला स्वतःला सोसवत नाही म्हणून. मी हे दुसऱ्यांवर टीका म्हणून लिहीत नाही. पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, झाल्यावर पहिल्या वर्षांत मी एका घरी गेलो होतो. तिथले सात वर्षांचे मूल आदल्या दिवशी गेले होते. मी दारातून आत आलो आणि बसण्यापूर्वीच रोमकरांस पत्रातले ते प्रसिद्ध वचन सांगू लागलो की देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. मुलाच्या आजीने माझ्याकडे काही वेळ पाहिले आणि म्हणाली, “पाळकसाहेब, आधी चहा घ्या.” वचन खरे होते आणि आजही माझा त्यावर विश्वास आहे, पण त्या घरात त्या घटकेला ते मी माझी भीती झाकण्यासाठी वापरले होते, आणि हे त्या म्हातारीला माझ्याआधी कळले होते.

शास्त्रातले सांत्वन या समजुतीपेक्षा निराळे आहे, आणि तो फरक आपल्या मराठी भाषांतरातल्या एका शब्दात फार चांगला उतरला आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात, शेवटच्या भोजनाच्या रात्री, शिष्य भेदरून बसलेले असताना येशू त्यांना सांगतो की पिता तुम्हांला ‘दुसरा कैवारी’ देईल. मूळ ग्रीक शब्द ‘पाराक्लेतोस’ असा आहे. हाक मारताच जवळ येऊन उभा राहणारा, आणि विशेषतः न्यायासनापुढे आपल्या बाजूने बोलणारा, असा त्याचा अर्थ. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने तिथे सांत्वन करणारा अशा अर्थाचा शब्द घातला; आपण मात्र कैवारी वाचतो, आणि मला तो नेहमीच अधिक नेमका वाटत आला आहे. कैवार घेणे म्हणजे काय हे आपल्याला भावकीत, गावात, शाळेच्या मैदानात ठाऊक झालेले असते. कैवार घेणारा आपल्याला गप्प बस म्हणत नाही. तो आपल्या बाजूला येऊन उभा राहतो आणि आपल्याला बोलता आले नाही तर आपल्या वतीने बोलतो. येशू ‘दुसरा’ म्हणतो, कारण पहिला तो स्वतः आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात हाच शब्द येशूसाठी आला आहे.

आता तुमच्या न सुचणाऱ्या प्रार्थनेकडे पाहा. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायातच, मी त्या घरात ज्या वचनाचा दुरुपयोग केला त्याच्या अगदी दोनच वचने आधी, असे म्हटले आहे की आपण यथायोग्य प्रार्थना कशी करावी हे आपल्याला ठाऊक नसते, आणि आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. म्हणजे गुडघे टेकून तुम्ही जे मुके बसता, त्याला पौल प्रार्थनेचा अभाव म्हणत नाही. त्या वेळी कैवारी बोलत असतो, असे त्याचे म्हणणे आहे. तुम्हांला ते जाणवत नसेल. जाणवलेच पाहिजे, अशी अट त्याने कुठेही घातलेली नाही.

अश्रूंविषयी तुम्हांला जे सांगितले गेले, त्याचा आधार बहुधा थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा चौथा अध्याय असावा. तिथे पौल लिहितो की ज्यांना आशा नाही त्या इतरांसारखा तुम्ही खेद करू नये. हे वाक्य अर्धवट तोडले की ‘तुम्ही खेद करू नये’ एवढेच उरते, आणि मग ते विधवांच्या अंगावर फेकले जाते. पूर्ण वाक्यात शोकाला मनाई नाही. आशा असलेल्यांचा शोक आशा नसलेल्यांच्या शोकापेक्षा वेगळा असतो, एवढेच ते सांगते. हाच पौल फिलिप्पैकरांस पत्रात एपफ्रदीत नावाच्या सोबत्याच्या आजाराविषयी लिहिताना म्हणतो की देवाने त्याच्यावर दया केली, आणि आपल्यावरही केली, आपल्याला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून. आपला सोबती गेला असता तर ते आपल्याला दुःख झाले असते, हे तो आडपडदा न ठेवता कबूल करतो.

बेथानी गावातला, लाजर आणि त्याच्या बहिणी मार्था व मरीया यांचा प्रसंग तुम्हांला पाठ असेल, तरी या महिन्यात तो पुन्हा हळूहळू वाचा. एका दिवसात पाच-सहा वचनांपेक्षा जास्त नको. लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाल्यावर येशू तिथे पोहोचतो. मार्था त्याला गाठते आणि म्हणते की प्रभू, आपण येथे असता तर माझा भाऊ मरण पावला नसता. थोड्या वेळाने मरीया येते आणि तीही नेमके हेच वाक्य म्हणते. चार दिवस त्या घरात हे वाक्य किती वेळा बोलले गेले असेल, याचा अंदाज करा. ते वाक्य म्हणजे सरळ तक्रार आहे, आणि येशू दोघींपैकी एकीलाही तिच्याबद्दल टोकत नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलतो. मरीया रडताना दिसते तेव्हा मात्र तिला तो उपदेश करीत नाही. तो विचारतो, त्याला कोठे ठेवले आहे, आणि स्वतः रडतो. आता थोड्याच वेळात लाजर कबरेतून जिवंत बाहेर येणार आहे हे त्याला माहीत आहे, आणि तरीही तो रडतो. पुनरुत्थानावरचा विश्वास पक्का असला की अश्रू येत नाहीत, असे मानणाऱ्यांनी या ठिकाणी काय करायचे ते मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

ही चूक मात्र जुनी आहे, आणि मोठमोठ्यांकडून झालेली आहे. चौथ्या-पाचव्या शतकातले थोर ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन यांची आई मोनिका ३८७ मध्ये इटलीतल्या ओस्टिया बंदरात वारली. तिचे डोळे मिटताना ऑगस्टीन यांनी आपले रडे बळाने दाबले. त्यांचा मुलगा मोठ्याने रडू लागला तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याला गप्प केले, कारण अशा पुण्यवती स्त्रीच्या मृत्यूवर आकांत करणे शोभत नाही असे त्यांना वाटले. एका मित्राने स्तोत्र गायला सुरुवात केली आणि सगळे ते म्हणू लागले. दफनविधीतही ऑगस्टीन रडले नाहीत. स्नानाने मनाची चिंता दूर होते असे त्यांनी ऐकले होते, म्हणून ते स्नान करून आले. गेले होते तसेच परतले. मग झोपले, आणि जाग आल्यावर आपले गुरू अँब्रोज यांच्या एका सायंगीताच्या ओळी त्यांना आठवल्या, त्यापाठोपाठ आई आठवली, आणि तेव्हा कुठे बांध फुटला. हे सारे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, तेही काहीसे अपराधी सुरात, की आईसाठी मी थोडा वेळ रडलो यात कोणाला पाप दिसलेच तर त्याने मला हसू नये. ताई, तुम्हांला एका गीतामुळे उपासनेतून उठावे लागते, आणि त्यांनाही गीतानेच मोकळे केले. तुमचे उठून जाणे मला म्हणूनच बिघाडाचे लक्षण वाटत नाही. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसा, गीत लागले तर बाहेर या आणि ते संपल्यावर परत आत जा. वाचता येत नसेल तर कोणा एकीला घरी बोलावून एखादे स्तोत्र मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही नुसत्या ऐका. तेरावे स्तोत्र घ्या, किंवा अठ्ठ्याऐंशीवे. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे. त्यातली बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात, पण अठ्ठ्याऐंशीवे वळत नाही, ते अंधारातच संपते, आणि तरीही ते उपासनेच्या पुस्तकात ठेवले गेले.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तुम्हांला एव्हाना कोणीतरी दिलेच असेल. दुष्काळाच्या वर्षांत आई, वडील आणि थोरली बहीण, १८८० मध्ये भाऊ, लग्नाला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती तोच १८८२ मध्ये पती, आणि अखेरीस १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा, इतकी माणसे त्यांच्या हयातीत गेली. तरीही हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणण्याचे काम त्यांनी एप्रिल १९२२ मधल्या आपल्या मृत्यूपर्यंत चालवले. हे सर्व खरे आहे. पण रमाबाईंच्या आयुष्याचा चाबूक करून तो शोक करणाऱ्या बाईवर उगारणे, हा रमाबाईंवरही अन्याय आहे. त्यांनी काय केले हे आपल्याला माहीत आहे. केडगावच्या खोलीत रात्री एकट्या असताना त्यांचे काय होत होते, हे कोणी पाहिलेले नाही. तुम्ही आठव्या महिन्यात आहात. सध्या घर चालवता आहात, तेवढे काम पुरेसे आहे.

शेवटी, ‘ते मला का लाभत नाही’ याविषयी. जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरात १५६३ मध्ये ख्रिस्ती विश्वास शिकवणारी एक प्रश्नोत्तरी छापली गेली. तिच्यात १२९ प्रश्न आहेत आणि वर्षातल्या बावन्न रविवारांसाठी त्यांची वाटणी केलेली आहे. सदर चालवणारा म्हणून मला तिचा हेवा वाटतो, कारण तिचा पहिलाच प्रश्न असा आहे की जगताना आणि मरताना तुझे एकमेव सांत्वन कोणते. उत्तरात शांतीचा, आनंदाचा किंवा मन हलके होण्याचा उल्लेखच सुरुवातीला येत नाही. ते म्हणते की मी स्वतःचा नाही. देहाने आणि आत्म्याने, जगताना आणि मरताना, मी माझा विश्वासू तारणारा येशू ख्रिस्त याचा आहे. हे एक नाते आहे, आणि नाते रोज जाणवले नाही म्हणून तुटत नाही. तुमचे यजमान परगावी असताना दिवसभरात त्यांची आठवणही न येण्याइतके काम तुम्हांला कधी पडले असेल. त्या दिवशीही तुम्ही त्यांच्याच होता. सांत्वन लाभले की नाही हे तुम्ही मनाच्या अवस्थेवरून मोजता आहात, आणि मन आत्ता थकलेले आहे, म्हणून मोजमाप चुकते आहे. ज्या बाईंनी तुमचा विश्वास कच्चा ठरवला, त्यांना उत्तर देण्याची गरज नाही. मात्र तुमच्या पाळकांना जे मला लिहिले ते सगळे सांगा. ते सांगण्याइतके जवळचे वाटत नसतील तर त्यांच्या घरच्या बाईंना सांगा.

प्रश्न : मी सव्वीस वर्षांचा आहे. गेल्या वर्षी नोकरी सुटल्यापासून झोप उडाली, खाणे कमी झाले, आणि आपण नसतो तर बरे असे विचार येऊ लागले. डॉक्टरांनी नैराश्याचे निदान करून गोळ्या दिल्या आणि तीन महिन्यांत बराच फरक पडला. आमच्या प्रार्थनासभेतले वडीलधारे म्हणतात की प्रभू स्वतः सांत्वन देत असताना गोळ्यांवर विसंबणे हा अविश्वास आहे, आणि मी त्या बंद कराव्यात. मी काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : गोळ्या बंद करू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या कमीही करू नका, कारण अशी औषधे एकाएकी थांबवल्यास त्रास उलटतो. हे एवढे स्पष्ट लिहून मग शास्त्राकडे वळतो.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळाल्यानंतर लगेच ईजबेल राणीची धमकी येते, आणि हा निधड्या छातीचा माणूस जीव घेऊन पळत सुटतो. बैर-शेबा येथे चाकराला मागे ठेवतो, एक दिवसाची वाट चालून रानात एका झुडपाखाली बसतो, आणि आता पुरे झाले, माझा प्राण घे, असे देवाला म्हणतो. तुमच्या पत्रातले वाक्य याहून फारसे वेगळे नाही. यावर देव काय करतो ते पाहण्यासारखे आहे. देवदूत येतो, त्याला स्पर्श करतो आणि ऊठ, खा, असे म्हणतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे असते. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपी जातो. देवदूत त्याला झोपू देतो आणि मग दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घालतो, तेही अशा कारणाने की पुढचा प्रवास तुझ्या शक्तीबाहेरचा आहे. एवढ्या वेळात त्याच्या विश्वासाविषयी एक अक्षर नाही. देवाने विचारपूस केली ती होरेब पर्वतावर पोहोचल्यावर, चाळीस दिवसांनंतर. माणसाचे शरीर आधी सावरावे लागते हे देवाला माहीत होते. तुमच्या सभेतल्या वडीलधाऱ्यांना ते माहीत नसावे, याचे मला वाईट वाटते.

औषध आणि विश्वास यांच्यात भांडण लावण्याची रीत आपल्या परंपरेत मुळात नाही. पौल ज्याला प्रिय वैद्य म्हणतो तो लूक आपल्या चार शुभवर्तमानकारांपैकी एक आहे. आपल्याकडे ज्या मिशनरींनी गावोगावी शुभवर्तमान नेले त्यांनीच मिरजेसारख्या ठिकाणी रुग्णालये उभारली, आणि तिथे शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना होत असे, शस्त्रक्रियेऐवजी नव्हे. मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी प्रार्थनेसाठी इन्सुलिन सोडले आहे का, हे एकदा नम्रपणे विचारून पाहायला हरकत नाही. उत्तर काय येईल हे आपण दोघेही जाणतो.

प्रार्थनासभा सोडा असे मी म्हणणार नाही, कारण एकटेपण या आजाराला पोसते. सभेतल्या ज्या एक-दोघांशी मोकळेपणाने बोलता येते त्यांना सांगून ठेवा की मरणाचे विचार परत आले तर मी तुम्हांला कोणत्याही वेळी फोन करीन. कोणी जवळ नसेल तेव्हा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, तो विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. वर मी ज्या कैवारीविषयी लिहिले, तो अशा वेळी डॉक्टरच्या किंवा फोन उचलणाऱ्या अनोळखी माणसाच्या रूपानेही बाजूला येऊन उभा राहू शकतो, असे मला वाटते. तुम्हांला तसे वाटत नसले तरी गोळी मात्र वेळेवर घ्या.

प्रश्न : मी हिंदू आहे. वसईत माझ्या शेजारी राहणाऱ्या कॅथलिक सहकाऱ्याचे वडील नुकतेच वारले. महिन्याच्या मिस्साचे आमंत्रण आले आहे. तिथे गेलेले चालते का, आणि काय बोलावे?
— एक वाचक, वसई

उत्तर : अवश्य जा. आमंत्रण आहे याचा अर्थ तुम्ही यावे अशी त्यांची इच्छा आहे. मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनाविधीत, लोक उभे राहतील, बसतील, गुडघे टेकतील. तुम्ही मागे शांत बसून राहिलात तरी कोणाला खटकत नाही. ख्रिस्तप्रसादासाठी, म्हणजे विधीत दिल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीसाठी, रांग लागते, तिच्यात मात्र जाऊ नका, कारण कॅथलिक मंडळीत हा प्रसाद बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच असतो. कबरीवर फुले किंवा मेणबत्ती लावायची असेल तर खुशाल लावा. नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, वसईतली दफनभूमी मेणबत्त्यांनी भरलेली तुम्ही पाहिलीच असेल.

बोलण्याविषयी सांगायचे तर थोडेच बोला. बायबलमधल्या ईयोब नावाच्या नीतिमान माणसावर संकट आले तेव्हा त्याचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर नुसते बसून राहिले, आणि शास्त्रात त्यांची जी काही बरी बाजू दिसते ती तेवढीच. त्यानंतर त्यांनी तोंड उघडले आणि पुढची कितीतरी पाने ते ईयोबाला छळत राहिले. तुमच्या सहकाऱ्याचे वडील तुम्हांला कसे आठवतात ते सांगा, त्यांचे नाव घेऊन सांगा, अंगणात भेटल्यावर ते काय विचारत असत असे काही साधे असले तरी चालेल. आणि मिस्सानंतर दोन-तीन महिन्यांनी, जेव्हा घरातले येणे-जाणे बंद झालेले असेल, तेव्हा एखाद्या संध्याकाळी कारण नसताना पुन्हा जा.